ईसीजी ‘नॉर्मल’ आला म्हणजे नेमके काय कळले?

२०२५ च्या जून-जुलैमध्ये कर्नाटकातील हसन जिल्ह्यातून हृदयविकाराने अचानक झालेल्या मृत्यूंच्या बातम्या एकामागून एक आल्या. त्यात तरुणही होते. राज्य सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, आणि म्हैसूर-बंगळुरूच्या जयदेव हृदयरोग संस्थेत तपासणीसाठी रांगा लागल्या. ते व्हिडिओ आपल्याकडेही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरले. मग माझ्या दवाखान्यातही विचारणा सुरू झाली, “डॉक्टर, एक ईसीजी काढून घेऊ का?”

भीती समजण्यासारखी आहे. पण ही तपासणी काय सांगते, तेही समजून घ्या.

हृदयाच्या प्रत्येक ठोक्याआधी त्यात एक सूक्ष्म विद्युत लहर पसरते. हात-पायांवर ४ आणि छातीवर ६ इलेक्ट्रोड लावून मशीन ती लहर १२ बाजूंनी कागदावर उमटवते. ठोके नियमित आहेत का, लहर कुठे अडते आहे का, स्नायूला आत्ता रक्त कमी पडते आहे का, पूर्वी अटॅक येऊन गेल्याची खूण आहे का, हे त्यावरून कळू शकते. पण साधारणपणे ही नोंद फक्त १० सेकंदांची असते. रक्तवाहिनीत चरबीचा थर साठलेला असला, तरी आराम करताना रक्त पुरेसे पोहोचत असेल तर पट्टी अगदी स्वच्छ येऊ शकते. तो थर उद्या फुटून त्यावर गुठळी होईल का, हे ईसीजीला दिसत नाही.

म्हणूनच अमेरिकेच्या प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा तज्ज्ञगटाने २०१८ मध्ये, धोका कमी असलेल्या आणि लक्षणे नसलेल्या प्रौढांचा ईसीजी केवळ चाळणी म्हणून काढू नये, असे सुचवले. अशा माणसाला बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूची सवय यांतून जास्त कळते. (तंबाखूबद्दल विचारले की रुग्ण विषय बदलतात, हा माझा नेहमीचा अनुभव!)

मला खरी काळजी वाटते ती खोट्या दिलाशाची. पन्नाशीतले एक गृहस्थ सकाळपासून छाती जड वाटत असताना ‘पित्त असेल’ म्हणून गोळ्या घेत बसले. कारण महिन्यापूर्वीचा नॉर्मल ईसीजी फाइलमध्ये होता. संध्याकाळी माझ्याकडे आले तेव्हाची पहिली पट्टीही फारशी बोलत नव्हती. २० मिनिटांनी पुन्हा काढली, तर बदल स्पष्ट होते. त्यांना तातडीने कार्डियाक सेंटरला पाठवले. ते वाचले, पण हृदयाचा काही भाग कायमचा अशक्त झाला.

छातीत दाब, हात-जबड्याकडे जाणारी कळ, घाम, दम लागणे यांपैकी काही असेल, तर रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी व्हायला हवा. तो नॉर्मल आला तरी लक्षणे असेपर्यंत पुन्हा काढतात, सोबत ट्रोपोनिन ही रक्ततपासणी करतात. मधुमेही, वृद्ध आणि स्त्रियांमध्ये छातीत न दुखता नुसता थकवा किंवा मळमळही असू शकते. स्वतः गाडी चालवत जाऊ नका, १०८ ला फोन करा.

स्मार्टवॉचचा ईसीजी एकाच बाजूने पाहतो. अनियमित ठोके पकडायला तो उपयोगी आहे, हार्ट अटॅक ओळखायला नाही. धडधड अधूनमधून होत असेल, तर २४ किंवा ४८ तासांचे होल्टर लावतात. चालताना छाती भरून येत असेल, तर डॉक्टर तपासून टीएमटी किंवा दुसरी चाचणी ठरवतात. घरात कमी वयात कुणाचा अचानक मृत्यू झाला असेल किंवा व्यायाम करताना चक्कर येऊन शुद्ध हरपली असेल, तर मात्र लक्षणे नसतानाही ईसीजी जरूर काढा. जुनी पट्टी टाकून देऊ नका. नवीन पट्टीशी ताडून पाहायला ती आम्हाला लागते.