घाम गाळून ब्लॉकेज जात नाहीत

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात, भर दुपारी, दोन जणांनी मोटारसायकलवर मध्ये धरून एका पेशंटला माझ्याकडे आणलं. वय ६४, धानाची शेती, जुना बीपी, तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी. नागपूरला नोकरीला असलेल्या मुलाने बाबूजींच्या गुडघ्यांसाठी ऑनलाइन वाफेचा तंबू मागवला होता. आत खुर्ची, डोकं बाहेर, खालून नळीने वाफ. व्हिडिओत सांगितलं होतं की हृदयालाही चांगलं. ते वीस मिनिटं बसले. "घाम गंज निंगला जी, हलकं वाटत होतं. उठलो अन् अंधारी आली." बीपी ८४/५०, कपाळाला चार टाके. सकाळी बीपीच्या दोन गोळ्या आणि लघवीची गोळी घेतलेली, आणि बाहेर पारा ४३ वर.

मुलावर माझा राग नाही. त्याने बापाच्या काळजीपोटी पैसे खर्च केले. राग आहे तो "सॉना घ्या, ब्लॉकेज उघडा, गोळ्या विसरा" असं सांगणाऱ्यांवर.

त्यांचा हुकमी एक्का म्हणजे फिनलंड. २०१५ साली तिथला एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो खरा आहे. पूर्व फिनलंडमधल्या २३१५ मध्यमवयीन पुरुषांकडे सुमारे २० वर्षे लक्ष ठेवलं. आठवड्यातून चार ते सात वेळा सॉना घेणाऱ्यांमध्ये हृदय अचानक बंद पडून होणारे मृत्यू, एकदाच घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी आढळले. पण हे निरीक्षण आहे. ज्याची तब्येत धड असते तोच आठवड्यातून पाच वेळा सॉनात जाऊन बसतो, ही शक्यता त्यातून पूर्ण वगळता येत नाही. शिवाय ती माणसं लहानपणापासून सॉनात वाढलेली, तिथली हवा थंड, आणि सॉना कोरडा. ८० अंशांच्या कोरड्या हवेत घाम वाळतो, अंग थोडं थंड होतं. वाफेच्या तंबूत तापमान कमी असलं तरी घाम वाळतच नाही, नुसता ओघळतो. पाणी गेलं, गारवा मिळाला नाही. आणि गोळ्या बंद करा असं त्या अभ्यासात कुठेही नाही.

दुसरा दावा, घामातून विष निघतं. घाम म्हणजे जवळजवळ सगळं पाणी आणि थोडं मीठ. रक्त साफ करायचं काम मूत्रपिंड आणि यकृत करतात. रक्तवाहिनीच्या भिंतीत वर्षानुवर्षे साचलेली चरबी कातडीतून बाहेर येत नाही. खरंच येत असती, तर मे महिन्यात तेंदूपत्ता तोडणाऱ्या आमच्या भागातल्या एकाही माणसाला हार्ट अटॅक आला नसता.

तिसरा दावा, हे तर आपल्या आयुर्वेदातलंच. मग तोच ग्रंथ पूर्ण वाचा ना! चरकसंहितेच्या सूत्रस्थानात १४वा अध्याय स्वेदनाचा आहे. त्यात हृदयाच्या जागी शेक सौम्य द्यावा किंवा देऊच नये असं सांगितलंय. मधुमेही, गरोदर बाई, रोज दारू पिणारा, थकलेला, तहानलेला, दुर्बळ, यांना स्वेदन देऊ नये अशी यादीच आहे. जुन्या वैद्यांना जे कळत होतं, ते तंबू विकणाऱ्याने विचारायचीही तसदी घेतली नाही.

आता शरीरात काय होतं ते बघा. अंग तापलं की कातडीखालच्या नसा फुलतात, बरंचसं रक्त तिकडे वळतं. ते पुरवायला हृदय मिनिटाला १०० ते १५० ठोक्यांपर्यंत पळतं, म्हणजे भरभर चालण्याइतकं काम बसल्याजागी. घामाने रक्तातलं पाणी घटतं. बीपीच्या बऱ्याच गोळ्या नसा सैलच ठेवतात, लघवीची गोळी पाणी आणखी काढते, आणि काही गोळ्या ठोके वाढू देत नाहीत. अशात माणूस झटकन उभा राहिला की मेंदूला रक्त कमी पडतं. लगेच थंड पाण्याची बादली ओतली तर उलटं होतं: नसा आवळतात, बीपी उसळतो.

म्हणून नुकताच अटॅक येऊन गेला असेल, छातीत वारंवार दुखत असेल, झडप आकसलेली असेल, बीपी आटोक्यात नसेल, तर सॉनाही नाही आणि वाफही नाही. पंपिंग कमी असेल तर स्वतःहून अजिबात नको. जपानमध्ये अशा काही पेशंटना उष्णतेचा उपचार देतात, पण ६० अंशांवर, १५ मिनिटं, दवाखान्यात डॉक्टरांच्या नजरेखाली.

आपल्या भंडारा-गोंदियाकडे आणखी एक गोष्ट विसरता येत नाही, ती म्हणजे सिकलसेल. अंगातलं पाणी कमी झालं की या पेशंटच्या लाल पेशी बारीक नसांत अडकतात आणि हाडं फोडणारं दुखणं सुरू होतं. त्यांना घाम गाळायला बसवू नका. पायाच्या शिरा फुगलेल्या असतील तर उष्णतेने सूज वाढते.

मग हृदयाच्या पेशंटने सॉना कधीच घेऊ नये का? तसं मी म्हणत नाही. तब्येत स्थिर असेल, दोन मजले न थांबता चढता येत असतील आणि तुमच्या डॉक्टरांनी हो म्हटलं असेल, तर खालच्या बाकावर पाच-दहा मिनिटं बसा. सोबत कुणीतरी हवं. दारू पिऊन नाही, उपाशी नाही. बाहेर आल्यावर आधी बसून राहा, मग सावकाश उठा. पाणी प्या, पाण्याचं माप ठरवून दिलेलं असेल तर आधीच विचारून घ्या. सॉनासाठी गोळी चुकवू नका. छातीत दाटलं तर लगेच बाहेर या, बसा, १०८ ला फोन लावा. आणि एप्रिल-मे मध्ये? टिनाच्या छपराखाली दुपारी जे होतं तो सॉनाच आहे, त्यावर आणखी विकत कशाला घ्यायचा!

बाबूजींना सलाईन लावली, संध्याकाळपर्यंत बीपी ११० वर आला. ईसीजी जुन्यासारखाच होता. मुलाचा नागपूरहून फोन आला, "मग गुडघ्यांचं काय करायचं, सर?" गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळून, दहा मिनिटं. आणि लावण्याआधी दुसऱ्या कुणीतरी आपल्या मनगटावर धरून बघायची, कारण तपासताना लक्षात आलं, शुगरमुळे बाबूजींच्या पायांना चटका कळतच नाही.