उचलीबरोबर औषधही
हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीचे आतले अस्तर फाटले, की प्राण तासांच्या हिशोबाने जातात. शस्त्रक्रियेने रुग्ण वाचला, तरी पुढचे आयुष्य रक्तदाब काबूत राहण्यावरच अवलंबून असते; कारण ह्या विकाराचे मूळही बहुधा उच्च रक्तदाबातच असते. अंबाजोगाईस १९७४ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे. परंतु बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार दिवाळीच्या सुमारास परमुलखात जातो, तो उन्हाळ्यातच परततो. गावच्या आरोग्य केंद्रातली गोळी मागेच राहते. रोजच्या गोळीचा खर्च क्षुल्लक, शस्त्रक्रियेचा मात्र डोईजड. तेव्हा हंगामभराच्या गोळ्या व रक्तदाबाची नोंदवही निघतानाच कामगाराच्या हाती पडावी. मुकादम उचलीचा हिशोब विसरत नाही. शासनाने औषधाचा विसरू नये.