घाट फोडणाऱ्यांचे स्मारक धडगावपर्यंत यावे

दरवर्षी १६ एप्रिल उजाडला की बोरीबंदर ते ठाणे या पहिल्या आगगाडीचे स्मरण होते. १८५३ सालच्या त्या गाडीचे चौदा डबे आणि 'साहिब', 'सिंध', 'सुलतान' ही तीन इंजिने शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. इंजिनांची नावे आपण जपली. रूळ अंथरणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्या ओठी नाही, ही गोष्ट आम्हांस खटकते.

बोरघाटाचाच दाखला घ्यावा. १८५६ पासून १८६३ पर्यंत तो डोंगर फोडला जात होता. पंचवीस बोगदे खणावे लागले. १८६१ साली ४२,००० माणसे तेथे राबत होती. त्यांत डोक्यावर टोपल्या वाहणाऱ्या बायका होत्या, मुलेही होती. सुरुंग, कडे आणि पटकी यांनी मिळून २५,००० च्या आसपास बळी घेतले असावेत, असा अंदाज इतिहासकारांनी केला आहे. मजुरी हाती पडेना म्हणून १८५९ च्या आरंभी मजुरांनी दंगा केला, तेव्हा कोठे सरकारास जाग आली. नवे कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल त्याच वर्षी येथे येताच वारले आणि त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी ते कंत्राट पुढे चालविले. बाईंचे कर्तृत्व मोठे, आणि ते नावानिशी नोंदले गेले हेही योग्यच. टोपलीवालीचे नाव मात्र कोणी विचारले नाही.

कोकण रेल्वेच्या उभारणीत कामी आलेल्या कामगारांचे स्मारक रत्नागिरीस उभे आहे. पण ते पाहावयास रत्नागिरीसच जावे लागते. अमेरिकेत १८६९ साली पुऱ्या झालेल्या खंडपार लोहमार्गाच्या आणि तो घालणाऱ्या चिनी, आयरिश आदी मजुरांच्या स्मरणार्थ ४३ फूट उंचीचा सोनेरी खिळा घडविण्यात आला. २०२३ साली तो केंटकीहून युटा राज्यात नेताना वाटेतील गावांत थांबवीत नेला. आपल्याकडे १९९१ पासून 'लाइफलाइन एक्स्प्रेस'च्या रूपाने इस्पितळ रुळांवरून फिरू शकते, तर एक स्मारक का फिरू नये?

ते नंदुरबारपर्यंत डब्यातून यावे. १९०० साली पुरी झालेली तापी खोऱ्याची रेल्वे तेथूनच जाते. पुढे ट्रकवर चढवून, तळोद्यावरून, चांदसैली घाटाने ते धडगावास न्यावे. जेथे रूळच नाहीत तेथे रेल्वेचे स्मारक कशाला, असे कोणी विचारील. आधी रस्ते आणि दवाखाने द्या, असेही म्हणेल. ही दुसरी मागणी आम्हांसही मान्य आहे, आणि एका ट्रकाच्या खर्चाने ती अडणार नाही. परंतु अक्राणीतील माणूस आजही मुकादमाकडून उचल घेऊन, बायकापोरांसह उसाच्या फडावर गुजरातेत जातो. बोरघाटातील टोळ्याही मुकादमाच्याच हाताखाली होत्या. ती कथा याच्याइतकी कोणास कळणार?

या स्मारकात पितळी पाट्या व मान्यवरांच्या तसबिरी नकोत. रुळाचा तुकडा, गँगमनचा हातोडा, पावसाळी गस्तीचा कंदील एवढे पुरे. त्याबरोबर, कामावर मृत्यू आलेल्या गँगमन, खलाशी, सांधेवाले यांची रेल्वेच्या दप्तरांतून जितकी सापडतील तितकी नावे कोरावीत. माहिती मराठीबरोबर पावरी व भिली बोलींतूनही सांगितली जावी. फडावरची माणसे होळीला घरी येतात. रेल्वे प्रशासनाने आणि राज्य शासनाने तो मुहूर्त धरावा आणि नावे शोधण्याचे काम आजच कोणाकडे तरी सोपवावे.