कंडेन्सरची निवड : किंमत कीं हिशेब ?

घरांतील पंखा मंद फिरूं लागला म्हणजे मिस्तरी त्याचा कंडेन्सर बदलतो, हें आमच्या बहुतेक वाचकांनीं पाहिलें असेल. पाठ्यपुस्तकांत यालाच धारित्र म्हणतात. खिशांत मावणाऱ्या संगीतयंत्रांतही कंडेन्सर असतात, आणि ते बदलून आवाज सुधारण्याचा छंद कित्येक विद्यार्थ्यांस लागतो. छंद स्तुत्य आहे. जुनें यंत्र फेकून न देतां तें समजून घेणें ही विद्याच होय. परंतु कंडेन्सर घेतांना किंमत व कीर्ति यांवरच भिस्त ठेवण्याची रीत आम्हांस मान्य नाहीं. निवड हिशेबानें व्हावी व तिची परीक्षा निष्पक्ष कानानें व्हावी, असें आमचें मत आहे.

प्रथम या वस्तूचें काम पाहूं. बॅटरीवर चालणाऱ्या अनेक यंत्रांत संगीताचा चढउतार एका स्थिर विद्युत्दाबावर स्वार झालेला असतो. कंडेन्सर तो स्थिर दाब अडवितो व संगीत तेवढें पुढें जाऊं देतो. त्याची धारणा अपुरी असेल तर मात्र खालचे स्वर क्षीण होतात. याचा हिशेब दहावीचा विद्यार्थीही करूं शकेल. १,५९,००० या संख्येस ओहममधील रोध व मायक्रोफॅरडमधील धारणा यांच्या गुणाकारानें भागावें. जो भागाकार येईल, सेकंदास तितक्या कंपनांच्या स्वराची शक्ति निम्मी होते, व त्याखालील स्वर अधिकच दबतात.

उदाहरणार्थ, गायकाचा षड्ज काळी एक असला तर मिरजेच्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदास सुमारें ६९ कंपनें करते. ३२ ओहमच्या हेडफोनसाठीं ४७ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर घातला तर वरील मर्यादा १०६ येते, म्हणजे खर्ज दुबळा होणारच. २२० मायक्रोफॅरड घेतल्यास ती २३ वर उतरते व खर्ज सुखरूप राहतो. तेंच यंत्र १०,००० ओहमच्या ॲम्प्लिफायरला जोडावयाचें असेल, तर १ मायक्रोफॅरडनेंही मर्यादा १६ वर येते. तात्पर्य, काम ठरल्यावांचून कंडेन्सर ठरत नाहीं.

जातीचेंही तसेंच आहे. फिल्मचा कंडेन्सर आवाजांत विकृति फारच थोडी आणतो, पण २२० मायक्रोफॅरडचा फिल्म कंडेन्सर खिशांत मावणार नाहीं. तेथें इलेक्ट्रोलिटिकच हवा, आणि त्याचें धन टोंक चिपकडे ठेवावें. मोठ्या धारणेच्या सिरॅमिक जातीची धारणा विद्युत्दाबाबरोबर बदलते, म्हणून ध्वनीच्या मार्गांत ती टाळलेली बरी. शिवाय आपल्या यवतमाळच्या उन्हाळ्यांत पारा ४५ अंशांच्या घरांत जातो. उष्णता १० अंशांनीं वाढली कीं इलेक्ट्रोलिटिकचें आयुष्य सुमारें निम्में होतें. याकरितां ८५ ऐवजीं १०५ अंशांची खूण असलेला घ्यावा.

ॲपल कंपनीच्या आयपॉडची २००५ सालची आवृत्ति या छंदांत विशेष प्रसिद्ध आहे. आयपॉडचा व्यवसाय कंपनीनें २०२२ मध्यें संपविला, तरी रसिक त्या आवृत्तींतील कंडेन्सर अद्याप बदलीत असतात. ब्लॅक गेट नांवाच्या जपानी इलेक्ट्रोलिटिकची निर्मिती बंद होऊन वर्षें लोटलीं, तथापि त्याच्या नांवाचा महिमा ओसरलेला नाहीं. वास्तविक इलेक्ट्रोलिटिक नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो. नांव टिकतें, वस्तु टिकत नाहीं.

आतां कानाविषयीं. ज्यानें शेंकडों रुपये खर्चिले, त्याचा कान खर्चाच्या बाजूनें साक्ष देतो. नीतिसूत्रांत खोट्या तराजूची निंदा केली आहे. पक्षपाती कान हाही खोटा तराजूच नव्हे काय ? यास उपाय सोपा आहे. दोन कंडेन्सर एका बटणावर जोडावे, आवाज सारखा ठेवावा, आणि बटण मित्राच्या हातीं देऊन आपण पाठ फिरवून बसावें. रेव्हरंड टिळकांचें एखादें भजन लावून, कोणता कंडेन्सर वाजतो हें दहा वेळां सांगावें. निव्वळ अंदाजानेंही सरासरी पांच उत्तरें बरोबर येतात. नऊ किंवा दहा बरोबर येण्याचा योग अंदाजानें १,०२४ मध्यें अवघा ११ वेळां येतो. तितकीं बरोबर आलीं तर भेद खरा मानावा, न आलीं तर स्वस्त तो चांगला.

पालकांस आमची विनंती अशी कीं, मुलांस या कामापासून परावृत्त करूं नये. लिथियम बॅटरी सोडवितांना मात्र जाणता माणूस जवळ असावा, कारण तिला भोंक पडल्यास आग लागते. आणि मुलानें महाग कंडेन्सर मागितला तर आधीं त्याच्याकडून वरील भागाकार मागावा. तो करून दाखविणाऱ्या मुलास पैसे द्यावयास आमची हरकत नाहीं. बहुधा त्यास थोडेच लागतील.