कोयतीआधीची फेरी

शिमगा सरला की कोकणात आपल्या व्यवसायातल्या बहुतेकांचे फोन एकाच कामासाठी वाजू लागतात. पालखीच्या निमित्ताने चाकरमानी गावी येऊन गेलेले असतात, वर्षानुवर्षे बंद असलेले घर उघडलेले असते, आणि मागच्या दाराने वाडीत उतरायला वाटच राहिलेली नसते. रानमोडी पुरुषभर वाढलेली, विहिरीच्या काठाला घाणेरी, पोफळींवर कसले कसले वेल चढलेले. ‘मे महिन्यात मुले येणार आहेत, त्याआधी सगळे साफ करून द्या,’ अशी मागणी येते. जेसीबी ठरतो, ग्रासकटरवाले दोघे ठरतात, आणि आठवडाभरात वाडी उघडी पडते. मालक समाधानी होतो. पुढच्या शिमग्याला मात्र तोच मालक तीच रानमोडी दाखवतो, आणि सोबत वाळत चाललेले एखादे हापूसचे कलमही.

त्याला बागकाम येत नाही, हा त्याचा दोष नाही. वाडी राखणारे आजी-आजोबा गेले, मधली पिढी मुंबईत राबली, आणि आता हौसेने परतलेल्या माणसाला समोर एकसंध जंगल दिसते. त्यातले काय लावलेले, काय आपोआप आलेले, काय उपयोगाचे आणि काय घातक, हे त्याला सांगणारे कोणी नाही. सांगू शकणारे आपणच आहोत. पण आपला हिशेब कसा होतो ते पाहा. यंत्राचे पैसे तासावर, मजुरी दिवसावर, कचरा ट्रॉलीवर. जितके बाहेर काढू तितके बिल मोठे. वाडीतून शांतपणे चालत जाऊन एकेक झाड ओळखून देण्याचे पैसे कोणी मागत नाही, म्हणून ते काम कोणी करत नाही. हे बदलायला हवे, आणि ते बदलणे आपल्याच हातात आहे.

न ओळखता काढल्याने काय जाते, याचे सर्वात बोलके उदाहरण रातांब्याचे. बियांपासून वाढलेल्या रातांब्यांत साधारण निम्मी झाडे नर निघतात. त्यांना फळ धरत नाही. नवखा मालक म्हणतो, ‘हे झाड कधी फळलेच नाही, तोडा.’ आपला माणूस तोडतो. वाडीत दुसरा नर नसेल तर फळणाऱ्या मादीलाही पुढे परागकण मिळणे अवघड होते. जायफळाचेही तेच. फुलोऱ्याच्या दिवसांत फांदी वाकवून पाहिली तर फरक कळतो: नराची फुले झुबक्याने येतात आणि मधोमध नुसत्या पुंकेसरांचा गोळा असतो, मादीच्या फुलात इवलेसे फळ आधीच बसलेले दिसते. नवख्याला हे एकदा दाखवले की तो जन्मभर विसरत नाही.

जमिनीखाली जे असते ते तर मार्चमध्ये दिसतच नाही. सुरण, हळद, आंबेहळद, कर्टोलीचे कंद, शेवळे हे सारे यावेळी निद्रेत असते. वर फक्त पालापाचोळा. एप्रिलमध्ये जेसीबीच्या बकेटने वरची वीतभर माती खरवडली की आजीने लावलेली हळदही गेली आणि पहिल्या पावसात उगवणारी शेवळेही. शिवाय आंब्याची अन्न घेणारी बारीक मुळे याच वरच्या थरात असतात. ती तुटतात, यंत्राच्या वजनाने माती दाबली जाते, आणि मग कलम का वाळले याचे कारण बुरशीत आणि भिरुडात शोधले जाते.

काळाचाही मोठा प्रश्न आहे. रानमोडी थंडीत फुलते आणि मार्चपर्यंत तिचे बी पिकून वाऱ्यावर उडायला तयार असते. त्या वेळी ती कापून वाडीभर ओढत नेणे म्हणजे पेरणीच. हीच रानमोडी श्रावण-भाद्रपदात, जमीन ओली असताना आणि फूल यायच्या आत, मुळासकट हाताने उपटून येते. ग्रासकटरने वरचेवर छाटली तर बुडख्यातून चौपट फुटवे घेऊन येते. घाणेरीचा फुटवा बुंधा आणि मूळ यांच्या सांध्यापाशी असतो. दिल्ली विद्यापीठातले प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात हेच लक्षात घेऊन पद्धत बसवली: सांध्याच्या खाली मुख्य मूळ तोडायचे, झुडूप उचलून उलटे ठेवायचे आणि जागेवरच वाळू द्यायचे. त्याला लागते ती कुदळ आणि थोडा धीर. पुढची दोन-तीन वर्षे पक्षी बसतात त्या झाडांखाली नवी रोपे शोधून उपटावी लागतात, कारण घाणेरीचे बी बुलबुल आणि साळुंक्या आणून टाकतात. लव्हाळ्याची गोष्ट तर आपण सगळेच जाणतो. जमिनीखाली त्याच्या गाठींची माळ असते. रोटाव्हेटर फिरवला की माळ तुटते आणि प्रत्येक गाठ स्वतंत्रपणे उगवते. मग तणनाशकाचा आग्रह होतो. ग्लायफोसेटचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये काढली, हे किती ग्राहकांना आपण सांगतो?

आणि पाऊस. कोकणात वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक पाऊस पडतो. मेअखेर उघडी केलेली उताराची वाडी मृगाच्या सरींना सामोरी जाते तेव्हा जांभ्यावरचा मातीचा पातळ थर वाहून पऱ्ह्यात जातो. तो पुन्हा बनायला कित्येक पिढ्या लागतात. स्वच्छ दिसणारी ती लाल जमीन पाहून मालक खूश होतो, त्या वेळी आपण गप्प राहू नये.

मग मार्चमध्ये काहीच करू नये का? करावे, पण बेताने. घरापासून विहिरीपर्यंत आणि विहिरीपासून गडग्यापर्यंत माणूस चालेल एवढ्या वाटा काढाव्यात. वाटेने जाताना राखायच्या झाडाला पांढरी चिंधी, काढायच्याला लाल, शंका असेल त्याला पिवळी. पहिल्या वर्षी पिवळ्या चिंध्याच जास्त असतील, असू द्याव्यात. कलमांच्या बुंध्याभोवतीचे गवत विळ्याने हातानेच काढावे. ग्रासकटरची दोरी खोडाला चाटून गेली की साल गोलाकार सोलली जाते आणि कोवळे कलम त्या वर्षीच मरते. बांडगूळ नुसते ओरबाडू नये, ते घुसले आहे त्याच्या खालून फांदी कापावी. पोफळीवरचा वेल तोडण्याआधी पान चुरून वास घ्यावा. बहुतेक जुन्या वाड्यांत त्या गर्दीत मिरवेल दडलेली असते. पालापाचोळा जाळू नये. तो बुंध्याला न टेकवता आळ्यात पसरला तर उघड्या जमिनीचे तेच पांघरूण.

जुन्या आंब्याची मोठी छाटणी पाऊस संपल्यावर, ऑक्टोबरच्या सुमारास करावी. इथे आपल्याच कारागिरांकडून फार चुका होतात, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. फांदी खोडाला मिळते तिथे सालीचा एक फुगीर गळा असतो. जखम भरून काढणारी पेशींची वाढ तिथूनच होते. खोडाशी सपाट काप घेतला तर हा गळाच जातो. लांब खुंट ठेवला तर तो कुजून कूज आत शिरते. आधी हातभर पुढे खालच्या बाजूने अर्धवट काप, मग त्याच्या किंचित पुढे वरून काप, म्हणजे फांदी साल न फाडता पडते. शेवटी उरलेला खुंट गळ्याच्या लगेच बाहेर कापायचा. त्यावर एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावायची, ती लोखंडी भांड्यात न कालवता प्लॅस्टिकच्या बादलीत. इतकी वर्षे सावलीत असलेले खोड एकाएकी उन्हात आले तर साल भाजते, तेव्हा खोडाला चुना मारावा. पूर्ण झाड तोडायचे असेल तर आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर यांसाठी 1964 च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे आधी परवानगी लागते. ती घेण्याची आठवण मालकाला आपणच करून द्यायची.

आपल्या माणसांच्या जिवाबद्दल मला सगळ्यात कळकळ आहे. रत्नागिरीच्या जांभ्या दगडांखाली फुरसे असते. गमबूट आणि जाड हातमोजे न देता दगडांचा ढीग उपसायला माणूस पाठवणे हा गुन्हा मानला पाहिजे. दोडामार्ग-सावंतवाडी पट्ट्यात 2016 पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडींतून येतो. काजूच्या बागांत पाला गोळा करणाऱ्यांना त्याचा धोका मोठा. पायाला-हाताला तेल, अंगभर कपडे, घरी गेल्यावर गरम पाण्याने अंघोळ, आणि मेलेले माकड दिसले तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवणे, हे कामाच्या ठरावातच असावे. साप चावला तर आवळपट्टी आणि जखम कापणे नको. गाडी कोणती आणि प्रतिविष असलेले रुग्णालय कुठले, हे कामाला हात घालण्याआधीच माहीत हवे.

तेव्हा यंदा दरपत्रक नव्याने लिहा. पहिल्या ओळीत ‘वाडीची फेरी, झाडांची ओळख व चिंध्या बांधणे’ आणि त्यासमोर आपल्या ज्ञानाला साजेशी रक्कम. त्याखाली पावसाळ्यातली उपटणी, ऑक्टोबरमधली छाटणी, पुढच्या वर्षीची देखरेख. मार्चचे काम सर्वात छोटे. काही ग्राहक घासाघीस करतील, काही जेसीबीवाल्याकडे जातील. जे थांबतील त्यांना सांगा, श्रावणात दोन दिवस रजा काढून या, आपण मिळून रानमोडी उपटू. आणि फेरीच्या दिवशी शेजारच्या घरातल्या काकूंनाही बोलवा. कोणत्या कलमाचा आंबा लोणच्याचा, कुठला फणस कापा आणि कुठला बरका, हळद कुठल्या कोपऱ्यात होती, आणि अनंताचे झाड गडग्याच्या अलीकडे होते की पलीकडे, हे त्यांना अजून आठवते.