बोला म्हणायचं, ऐकायचं कुणी?

शनिवारी सकाळी आमच्या दोनशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत पोरं डोळे मिटून श्वास मोजतात आणि मी त्यांचा फोटो काढतो. फोटो आमच्या केंद्रातल्या शाळांच्या ग्रुपवर पडला की मुलांचं मानसिक आरोग्य सुधारलं, असं वर धरलं जातं. शासनाने 2024 मध्ये पहिली ते आठवीसाठी ‘आनंददायी शनिवार’ आणला. प्राणायाम, ध्यान, आणि त्याच यादीत रस्ते सुरक्षाही. हेतू चांगला आहे. हेतू नेहमीच चांगला असतो. त्याला तरतूद लागत नाही.

माझं भांडण प्राणायामाशी नाही, त्यानंतर पोरांना बोलतं करायला लावतात त्याच्याशी आहे. ‘मनातलं बोला’ म्हटलं की दुसरीतलं पोर खरंच बोलतं. ते अजून आपल्याइतकं शहाणं झालेलं नसतं. बाप रात्री पिऊन येतो, आईला मारतो, हे ते सगळ्या वर्गादेखत सांगून टाकतं. आता? अहवालाच्या रकान्यात मी लिहायचं, ‘विद्यार्थ्यांनी भावना व्यक्त केल्या’. पोराने त्याच घरी परत जायचं. समुपदेशक कुठाय म्हणून विचाराल, तर 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याची अनुसूची उघडा. पहिली ते पाचवीला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, दीडशेच्या वर मुख्याध्यापक. समुपदेशकाचं नावही नाही. मानसोपचारतज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात. तिथे पोराला नेणार कोण? रोज बुडवून तोच बाप?

त्याच कायद्याच्या कलम 17 ने मारहाण आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली आहे. तरी ‘डोक्यात शेण भरलंय का रे’ हे वाक्य जिथे ऐकूच येत नाही, अशी शाळा मला दाखवा. शुक्रवारी शेण, शनिवारी ध्यान! आम्हा मास्तरांची जीभ कशी आवरायची, याचं प्रशिक्षण मात्र कुणाला सुचत नाही. त्याचा फोटो निघत नाही ना.

आणि दिवाळीच्या आसपास ऊसतोडीच्या टोळ्या निघाल्या की काही पोरं आईबापांमागे फडावर जातात. त्यांचा शनिवार कोण आनंददायी करतं, हे कुठल्याच परिपत्रकात मला सापडलेलं नाही.

मला आणखी एक पुस्तिका नको. केंद्रामागे एक प्रशिक्षित समुपदेशक द्या. दहा-बारा शाळा त्याच्याकडे असू देत, पंधरवड्याला का होईना तो येऊ दे, पोराचं ऐकून घेऊ दे, गरज पडली तर घरी जाऊन बापाशी बोलू दे. पैसे नसतील तर तसं लेखी कळवा. आणि मग पहिली-दुसरीच्या पोरांना ‘मनातलं बोला’ म्हणायला आम्हाला लावू नका.