सिरोंचा वाढलं, आपली गावं कागदावर कुठं?



मीठ, कापड, तहसील, कोर्ट, सगळ्यासाठी आपण सिरोंचाला जातो. पण हे गाव कसं वाढलं ते आपल्याला कोणी सांगितलं नाही. म्हणून इथं लिहितो.

प्राणहिता गोदावरीला मिळते तिथं काठावर सिरोंचा. समोर कालेश्वर, म्हणजे तेलंगण. खाली इंद्रावती येऊन मिळते, तिच्या पल्याड बस्तर, म्हणजे छत्तीसगड. आपल्या आजोबांसाठी नदी म्हणजे वाट होती. सोयरीक दोन्ही काठांवर, देवही दोन्ही काठांवर. सीमा मागून आली.

२१ ऑक्टोबर १८५८ ला वीर बाबुराव शेडमाके यांना इंग्रजांनी चांद्याला फाशी दिली. दोन वर्षांनी, १८६० मध्ये, निजामानं गोदावरीचा हा डावा काठ इंग्रजांना देऊन टाकला. राहणाऱ्यांना कोणी विचारलं नाही. इंग्रजांनी 'अप्पर गोदावरी' नावाचा जिल्हा केला आणि सिरोंचाला त्याचं ठाणं बसवलं. एवढ्या आडजागी कशाला? त्यांना वऱ्हाडचा कापूस नावेनं समुद्रापर्यंत न्यायचा होता. नदीतले खडक आडवे आले. पुष्कळ पैसा ओतून १८७१ मध्ये काम सोडलं, १८७४ मध्ये जिल्हाच मोडला. सिरोंचा चांद्याची तहसील झाली.

नावा गेल्या, पण सायब गेले नाहीत. १८७८ च्या कायद्यानं जंगल राखीव करायला लागले. उरलेलं जंगल जमीनदाराच्या नावावर. १९५१ मध्ये जमीनदारी गेली तेव्हा वाटलं, आता तरी आपलं होईल. झालं सरकारचं. पुढं १९६० मध्ये महाराष्ट्र झाला, १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा झाला. दर वेळी कचेरीवरची पाटी बदलली. आपल्या शेतावरचं नाव मात्र बदललं नाही. तिथं 'अतिक्रमण' तेच लिहिलेलं राहिलं.

ही जुनी गोष्ट आज कशाला? कारण इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीला आणि वर भोपालपट्टनमला धरण बांधायचं ठरवलं होतं. तीन राज्यं बसून बोलली. ज्यांचं बुडणार ते बोलणीत नव्हते. १८६० मध्ये झालं तेच पुन्हा.

काही भाऊ म्हणतात, धरण झालं तर सिरोंचा मोठं होईल, कामं मिळतील. शहर वाढू नये असं आम्ही म्हणत नाही. आम्ही एवढंच विचारतो, की पट्टा नसलेल्याला मोबदला कोण देणार? कागदावर जो नाही, त्याचं बुडालं तरी सरकारच्या हिशोबात काहीच बुडत नाही.

म्हणून कागद आपणच करू. गावात बसून लिहा: कोणतं शेत कोणी फोडलं, केव्हापासून कसतात. मोहा, बांबू, तेंदूपान कुठून आणतो, मासे कोणत्या डोहात धरतो, देव कुठं आहे, मेलेल्यांचे दगड कुठं आहेत. म्हाताऱ्यांचं सांगणं लिहून अंगठा घ्या. जंगलवाल्यांनी दंड केला असेल तर त्या पावत्या फेकू नका. त्या दंडाच्या असल्या तरी त्या साली आपण त्या जमिनीवर होतो याचा तो सरकारीच पुरावा आहे. दोन प्रती करा. एक गावात ठेवा, एक तहसीलला द्या आणि पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका.

सिरोंचाचा इतिहास सायबानं लिहिला. आपल्या गावाचा आपण लिहू, पाणी चढायच्या आधी.

जय सेवा.